हरभऱ्याचा बेवड

फुलावर आलेलं हरभऱ्याचं झाड हिसका देऊन उपटलं, तर मुळांवरच्या निम्म्या गाठी जमिनीतच राहतात. म्हणून जाणता शेतकरी ते खुरप्यानं ढेकळासकट काढतो, पाण्यात हलकेच विसळतो आणि एक गाठ नखानं फोडून बघतो. आत गुलाबी-लाल रंग दिसला की समजायचं, कारखाना चालू आहे. गाठ पांढरट किंवा हिरवट निघाली तर ती नावापुरतीच. हा लाल रंग लेगहिमोग्लोबिनचा, म्हणजे आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भाऊबंदाचा. गाठीतल्या जिवाणूंना लागेल तेवढाच प्राणवायू तो पोचवतो, कारण हवेतला नत्र पकडणारं त्यांचं विकर जास्त प्राणवायूत निकामी होतं.

बायेरिंक या डच शास्त्रज्ञानं 1888 साली हे जिवाणू गाठींतून वेगळे काढले. आपल्याकडे बेवड, म्हणजे आधीच्या पिकाचा रानावर राहिलेला परिणाम, पाहून पुढचं पीक ठरवण्याची रीत त्याहून कितीतरी जुनी. मात्र बेवडात नुसता नत्र मोजणं म्हणजे अर्धाच हिशेब. बराचसा नत्र दाण्यांबरोबर घरी येतो. शेतात उरतात ती मुळं, पडलेला पाला आणि त्यांवर पोसलेले जिवाणू. प्रत्येक पिकाची मुळं वेगवेगळ्या साखरा आणि आम्लं पाझरतात, आणि मुळाभोवती कोणते जिवाणू वाढणार हे बरंचसं त्यावर ठरतं.

सगळेच जिवाणू उपकारक असतात असं नाही. साताऱ्याकडच्या आलं पिकवणाऱ्यांना राल्स्टोनिया या जिवाणूचं नाव माहीत नसेल, पण मर चांगली माहीत आहे. मरगळलेल्या झाडाचं खोड कापून काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात धरावं. थोड्याच वेळात कापातून दुधासारखी धार खाली उतरू लागते. ते सगळे जिवाणूच. अशा रानात लगेच टोमॅटो, मिरची, वांगं किंवा बटाटा घेणं म्हणजे त्यांची पुढची सोय करून ठेवणं. ज्वारी-मक्यावर त्यांचं फारसं भागत नाही.

इतकं ऐकून फेरपालटीचा मंत्र जपायला घेऊ नये. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात गव्हावर गहू घेतला की मुळं कुजवणारा एक बुरशीजन्य रोग आधी वाढतो आणि काही वर्षांनी आपोआप ओसरतो. त्या मुळांवर स्यूडोमोनास जिवाणू वाढतात आणि बुरशीला मारक द्रव्य तयार करतात. एकच पीक पुन्हा पुन्हा घेतल्यानं रान सुधारल्याचं हे उदाहरण. अर्थात तोवरची नापिकी सोसायला खिशात पैसा हवा!

आता खताकडे. जिवाणूंच्या शरीरात कर्ब आणि नत्राचं प्रमाण साधारण 8 ला 1 असतं. खाल्लेल्या कर्बातला मोठा भाग श्वासात जातो, म्हणून त्यांना 24 ला 1 च्या आसपासचं खाणं मानवतं. मुरलेलं शेणखत या हिशेबात बसतं. उसाच्या पाचटात मात्र कर्ब 80 पटींच्याही पुढे. ते तसंच गाडलं की जिवाणू कमी पडणारा नत्र मातीतून ओढतात, पीक पिवळं पडतं आणि दोष सेंद्रिय खताला लागतो. इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी 1931 च्या पुस्तकात मांडलेली कंपोस्टची पद्धत याच गणिताची होती: काडीकचऱ्यात शेण, मूत्रानं भिजलेली माती आणि थोडी राख मिसळायची, ओल राखायची, ठरल्या वेळी ढीग उलथायचा.

जीवामृताचा ड्रम आज गावोगावी दिसतो. एकरी 200 लिटर पाण्यात 10 किलो शेण, गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि मूठभर माती. पण एका एकराच्या वरच्या वीतभर मातीचं वजन 9 लाख किलोंच्या घरात जातं. तिथे चार किलो गूळ-बेसन किती दिवस पुरणार? जीवामृताचा प्रसार करणाऱ्या सुभाष पाळेकरांनी आच्छादनही तितक्याच आग्रहानं सांगितलं होतं. लोकांनी ड्रम तेवढा उचलला.

कोल्हापूरचे शेतकरी प्रताप चिपळूणकर यांनी भूसूक्ष्मजीवशास्त्र वाचून नांगर थांबवला. मागच्या पिकाची मुळं आणि खोडकी जागच्या जागी कुजू द्यायची, हा त्यांचा आग्रह. त्यासाठी तणनाशक वापरायलाही ते कचरत नाहीत. कट्टर सेंद्रियवाल्यांना हे पचणं कठीण. पण बाहेरून ओतलेल्या खतापेक्षा रानातच वाढलेलं मूळ मोलाचं, हा त्यांचा मुद्दा खोडून काढणं त्याहून कठीण.

तेव्हा यंदा ऊस तुटून गेल्यावर पाचटाला काडी लावू नका. बुडख्यांवरचं पाचट सरीत ओढा, बुडखे जमिनीलगत छाटा. टनभर पाचटाला 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत टाकून पाणी द्या. हा युरिया उसासाठी नाही, जिवाणूंसाठी आहे. खोडव्याचा डोस वेगळा द्यावा लागेल.