हेराक्लीसच्या शिवारात

नाफ्प्लियोहून आर्गोसकडे जाणाऱ्या बसने मला थोड्याच वेळात टिरिन्सला सोडले. एप्रिलचा पहिला आठवडा होता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना संत्र्याच्या बागा, आणि फुलोऱ्याचा वास इतका दाट की श्वास घेताना गोड चव लागावी. गड म्हणजे शेतातून वर आलेली बुटकी टेकडी. पण तटाचे दगड! हे माणसाचे काम नव्हेच, एकाक्ष सायक्लोप्सांनी ते रचले, अशी ग्रीकांची समजूत होती. दुसऱ्या शतकात इथे येऊन गेलेल्या पौसानिअसने लिहिले आहे की यातला लहानात लहान दगडही खेचरांच्या जोडीला हलायचा नाही. तटाच्या पोटातल्या बोळात हात लावला, तर दगड गुळगुळीत. पिढ्यान्‌पिढ्या तिथे निवाऱ्याला येणाऱ्या मेंढ्यांनी अंग घासून ते तसे केले आहेत.

याच गडावर हेराक्लीस चाकरीला आला. हेरा देवीने त्याच्यावर वेड धाडले आणि त्या भरात त्याने स्वतःची मुले मारली. शुद्धीवर आल्यावर तो डेल्फीला गेला. तिथून आज्ञा झाली: टिरिन्सला जा, युरिस्थिअस राजाची बारा वर्षे सेवा कर. ज्यांना आपण पराक्रम म्हणतो, त्या बारा कामांच्या मुळाशी हे आहे. युरिपिडीसने आपल्या नाटकात क्रम उलटा केला: आधी कामे, मग घरी परतलेल्या बापाच्या हातून मुलांचा घात. रंगभूमीवर ते अधिक भेदक होते हे खरेच. मला मात्र जुना क्रमच पटतो. त्यात सिंहाशी झुंजणाऱ्या माणसाला आपण कशासाठी झुंजतो आहोत हे पुरते ठाऊक असते.

तटावरून आखातापलीकडचे डोंगर दिसतात. त्यांच्या पायथ्याशी लेर्ना आहे, हायड्रा या अनेक डोक्यांच्या सर्पिणीची दलदल. मी तिथेच उभा राहून मनात नकाशा मांडला. पहिली सहाही कामे पेलोपोनीसमधलीच: सिंह, हायड्रा, हरिणी, रानडुक्कर, ऑजिअसचे गोठे, स्टिम्फालसचे पक्षी. क्रीट, थ्रेस, ॲमेझॉनांचा मुलूख, पाताळ, हे सगळे नंतरचे. आधी घरचे शिवार निर्धोक करायचे होते.

लेर्ना म्हणजे आजचे मिलोई गाव. तिथे एका मोठ्या छपराखाली ‘कौलांचे घर’ आहे. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या सहस्रकातली ही वास्तू जॉन कास्की यांनी १९५०च्या दशकात उजेडात आणली. पण मी पाण्यासाठी आलो होतो. डोंगरातून झरे फुटतात आणि पाहता पाहता समुद्राला मिळतात. हायड्रेचे एक डोके छाटले की दोन उगवत. आपल्याला लगेच रक्तबीज आठवतो. इथे मात्र उपाय शेतकऱ्याच्या हाताचा: पुतण्या इओलाऔस पेटत्या लाकडाने मान डागत गेला, आणि हेराक्लीसने उरलेले अमर डोके वाटेकडेला पुरून वर जड दगड ठेवला. हायड्रा म्हणजे एकीकडे बुजवावे तर दुसरीकडे फुटणारे हे झरेच, असे मानणारेही जुन्या काळापासून आहेत. त्या काठावर मला ते अगदी खरे वाटले. युरिस्थिअसने हे काम मोजायला नकार दिला, कारण पुतण्याची मदत झाली होती. प्रायश्चित्ताचा हिशेब इतका कडक असावा?

दुसऱ्या दिवशी नेमिया. द्राक्षमळ्यांचे खोरे. इथली गडद लाल वाइन ‘हेराक्लीसचे रक्त’ म्हणून ओळखली जाते. झ्यूसच्या देवळाचे तीनच खांब कितीएक शतके उभे होते. पडलेले दगड रचून आणखी काही उभारले आहेत. सिंहाच्या शोधात हेराक्लीस जवळच्या क्लिओनाईत मोलोर्कस नावाच्या गरीब मजुराकडे उतरला. मोलोर्कस बळी द्यायला निघाला, तेव्हा पाहुणा म्हणाला, तीस दिवस थांब. परत आलो तर तारणाऱ्या झ्यूसला दे, नाही आलो तर मला दे, मेलेल्या वीराला देतात तसा. तो आला शेवटच्या दिवशी. तोवर यजमानाने त्याला मेलेला धरून तयारी केली होती. सगळ्या कथेत मला हा मजूर सर्वांत जवळचा वाटतो.

आणि याच खोऱ्यात ऑफेल्टिस आहे. हे इथल्या राजाचे तान्हे बाळ. दाई वाटसरूंना झरा दाखवायला गेली, त्याला रानटी सेलरीच्या पानांवर निजवून. सापाने त्याला मारले. नेमियाचे खेळ त्याच्या सुतकातून निघाले. पंच काळी वस्त्रे नेसत आणि विजेत्याला त्याच सेलरीचा मुकुट मिळे. पुढे या खेळांशी हेराक्लीसचेही नाव जोडले गेले. मुले गमावलेल्या बापाचे नाव बाळाच्या सुतकाशी येऊन मिळाले, हे मला देवळापाशी बसल्यावर कळले, आणि बराच वेळ उठवेना.

मैदानात खेळाडू शिरत तो बोगदा अजून शाबूत आहे. भिंतींवर पाळीची वाट पाहणाऱ्या पोरांनी कोरलेली नावे आहेत. तिथून उन्हात बाहेर आलो. धावण्याच्या आरंभरेषेवरच्या दगडात पायाची बोटे रोवायला दोन खाचा आहेत. बूट काढले आणि बोटे खाचेत ठेवली. दगड तापलेला होता.