आधी वहिवाट, आता कमाई

मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावावरून वसलेलं हे इंदूरजवळचं गौतमपुरा. आमच्या लहानपणी इथे घर बांधायला अर्ज लागत नसे. माती, बल्ल्या आणि मदतीला चार शेजारी, एवढ्यावर भिंती उभ्या राहत. मिरगाआधी कौलं शाकारायची आणि दिवाळीआधी भिंती लिंपायच्या, कारण दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी पेटत्या हिंगोट फळांची लढाई बघायला पाहुणे येणार. आज त्या घरांचं फार कौतुक होतं, पण पावसाळ्यात रात्रभर पराती मांडत कोण बसायचं, ते आईला विचारावं.

पुढे 1984 साली मध्य प्रदेशात शहरी भूमिहीनांसाठी पट्ट्याचा कायदा आला. त्या वर्षी 10 एप्रिलला तुम्ही त्या जागेवर राहत होता का, हा त्यातला मुख्य प्रश्न. राहत असाल तर 50 चौरस मीटरपर्यंतचा पट्टा मिळे. म्हणजे हक्क वहिवाटीवर ठरायचा.

आता प्रश्न कमाईचा. प्रधानमंत्री आवास योजनेत स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड आणि राज्याचा एक असे अडीच लाख मिळतात. पाया झाला की फोटो, छत पडलं की फोटो, मग पुढचा हप्ता. घर बाईच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर करावं लागतं. जुन्या कागदांवर फक्त आजोबांचं नाव असायचं, तेव्हा ही सुधारणा मानायलाच हवी.

खरी मेख उत्पन्नाच्या अटीत आहे. 2015 साली दुर्बल घटकासाठी मर्यादा होती वर्षाला तीन लाख. 2024 साली योजनेचा दुसरा टप्पा आला, तरी तीन लाखच. दरम्यान सिमेंट, सळई, मजुरी, सगळं वाढलं. नवरा इंदूरला कारखान्यात, बायको शिवणकामाला, दोघांचे मिळून महिन्याला सव्वीस हजार झाले की घर गरिबांच्या यादीतून बाहेर! इंदुरात भाडं परवडत नाही म्हणून रोज पन्नासेक किलोमीटर ये-जा करायची आणि वर हे. मुंबईत म्हाडाच्या सोडतीत याच गटाची मर्यादा सहा लाख आहे.

पट्ट्याची तारीख सरकारने पुढे वेळोवेळी वाढवली. तशीच उत्पन्नाची मर्यादाही महागाईबरोबर वाढवायला हवी.