दार-एस-सलामचे घड्याळ
निवृत्तीनंतर टांझानियातील दार-एस-सलाम येथे हिशेबशास्त्र शिकविण्यास गेलो. पहिल्याच सकाळी नऊ वाजता वर्ग रिकामा! स्वाहिली वेळ सूर्योदयापासून मोजतात. आपले सात म्हणजे त्यांचा एक. निरोपातील ‘नऊ’ ऐकून विद्यार्थी दुपारी तीनला आले. उकाडा असह्य, भाषा परकी. मुले आपले मानतील का, ही धास्ती होती. इतक्यात कोणी विषयाचे नाव उच्चारले, ‘हेसाबू’! हिशेब हेसाबू, दुकान दुका, पैसा पेसा, लाख लाकी. मोसमी वाऱ्यांवर ये-जा करणाऱ्या अरबी व हिंदी गलबतांनी मालाबरोबर शब्दही तेथे उतरविले होते. धास्ती ओसरली. व्यापाराची उलाढाल संपते. त्याने जोडलेली ओळख मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकते.