फंक्शन, मीटिंग, गेट-टुगेदर

१२ सप्टेंबर २०२५, मुलुंड पूर्व
सोसायटीच्या एजीएमची नोटीस आज बोर्डावर लावली. सभा २८ तारखेला, रविवारी. उपविधींप्रमाणे पूर्ण १४ दिवसांची नोटीस हवी आणि सभा ३० सप्टेंबरच्या आत, दोन्ही जमलं. तेवढ्यात एका उत्साही सभासदाने ग्रुपवर टाकलं, 'ॲन्युअल गेट-टुगेदर, स्नॅक्स आहेत!' लगेच काढायला लावलं. एजीएमला हिशेब मांडतात, ऑडिटर नेमतात. गेट-टुगेदरला आलेला माणूस हजेरीपटावर सही ठोकतो, समोसा उचलतो आणि पसार होतो.

१४ सप्टेंबर
तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या नातवाचा पहिला वाढदिवस. ''फंक्शन नाही हो करत, पितृपक्ष आहे ना! आपलं छोटंसं गेट-टुगेदर.'' प्रत्यक्षात हॉल, फुगे, केटरर, जादूगारसुद्धा. पितरांना इंग्रजी कळत नसावं. लिफ्टमध्ये खल चालला होता तो आहेराचा. फंक्शन म्हटलं की पाकीट आलंच. गेट-टुगेदरला हात हलवत गेलं तरी चालतं. सगळ्यांनी पाकीट खिशात ठेवलं आणि आधी दुसरे काय करतात ते पाहिलं.

१९ सप्टेंबर
घाटकोपरला 'प्रेयर मीट', ५ ते ७. सोबतचे शेजारी साडेसहाला निघू म्हणत होते, रिसेप्शनच्या हिशेबाने. रिसेप्शनला ७ लिहिलेलं असतं आणि नवरा-नवरी स्टेजवर येतात साडेआठला. इथे तसं नाही. मधे केव्हाही जायचं, फोटोला फुलं वाहायची, घरच्यांपुढे हात जोडायचे, थोडं बसायचं; सातला भजन संपतं. गुजराती मृत्यूच्या जाहिरातीत एक ओळ हमखास असते, लौकिक व्यवहार बंद. देणं-घेणं नाही, विषय संपला. आपल्या पत्रिकांनी हा स्पष्टपणा उचलावा.

२८ सप्टेंबर
कोरम दोन तृतीयांश किंवा २०, जे कमी असेल ते. वेळेवर आले तेराजण. सभा तहकूब केली, नोटिशीत लिहिल्याप्रमाणे अर्ध्या तासाने पुन्हा भरवली. तहकूब सभेला कोरम लागत नाही. मग कोणीतरी म्हणालं, ''मीटिंग चालूच आहे, तर रिडेव्हलपमेंटचंही उरकून टाकू.'' अजिबात नाही. त्याला स्वतंत्र विशेष सभा लागते, स्वतंत्र नोटीस लागते. ती दिवाळीनंतर. सभासदांनी तेवढी नोटीस तरी पूर्ण वाचून यावं.