पोरीची मातीतली गाडी

घाबरल्यावर माणसाची मूठ आवळते. सायकलवर त्याने फारसे बिघडत नाही. मोटारसायकलवर मात्र उजव्या मुठीत रेस असते. पोर घाबरते, हँडल घट्ट धरते, मनगट मागे वळते आणि गाडी आणखी पळते. गाडी पळते म्हणून पोर आणखी घट्ट धरते. आमच्या धाकटीला डर्ट बाईक शिकवताना आमचा निम्मा वेळ ही एक मूठ सैल करण्यात गेला.

डर्ट बाईक म्हणजे मातीवर चालवायची गाडी. वस्तीतल्या गॅरेजवाल्या दादांनी एक छोटी, मुलांच्या मापाची, भंगारातून आणली आणि खटपट करून चालू केली. ४९ सी.सी.चे टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचे, दोरी ओढून सुरू करायची. गिअर नाहीत. रेस दिली की क्लच आपोआप लागतो आणि गाडी निघते. दिवा नाही, नंबर नाही, म्हणजे रस्त्यावर दहा फूटसुद्धा न्यायची नाही. बंद पडलेल्या वीटभट्टीची मोकळी जागा मालकांना विचारून घेतली आणि दर रविवारी सकाळी तिथे जाऊ लागलो.

शेजारपाजारचे म्हणाले, "साहेब, पोराला शिकवा, पोरीला कशाला? हातपाय मोडला तर उद्या लग्नाला अडचण." तिची आईही आधी गप्पच होती. आम्हांला मात्र आमचे वडील आठवले. १९७० च्या सुमारास त्यांनी जुनी सायकल घेतली, तर गावातून जाताना उतरून ती हाताने ढकलत न्यावी लागे. वेस ओलांडली की मग बसायचे. त्यांची नात गाडीवर बसायचे म्हणते आणि तिला उतरवायला आम्हीच पुढे व्हायचे, हे काही जमेना. बंगळूरची ऐश्वर्या पिस्से हिने २०१९ साली मोटारसायकलच्या बाजा शर्यतींत महिलांचा विश्वचषक जिंकला, हे आम्ही तिच्या आईला सांगितले. ती म्हणाली, "विश्वचषक राहू द्या, आधी हेल्मेट आणा."

हे तिचे बरोबर होते. बापाचे हेल्मेट पोराच्या डोक्यावर ठेवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ते डोक्यावर गोल फिरते, पडल्यावर निघूनच जाते. पोराच्या मापाचे, पूर्ण तोंड झाकणारे, आय.एस.आय. शिक्क्याचे घ्यावे. पट्टा लावून हलवले तर गालाची कातडी सोबत हलली पाहिजे. बोनसचे बरेच पैसे त्यात गेले. गुडघ्याचे आणि कोपराचे पॅड स्केटिंगच्या दुकानात मिळाले. जाड पँट आणि शाळेचे बूट घरचेच.

पहिले दोन रविवार इंजिन बंद. ती वर बसायची, आम्ही मागून ढकलायचो आणि ती ब्रेक मारायची. सायकलसारखेच, उजव्या हाताला पुढचा, डाव्या हाताला मागचा. भुसभुशीत मातीत वळताना पुढचा ब्रेक दाबला की चाक सरकते, म्हणून वळायच्या आधीच वेग कमी करायचा. मग आमचा खास धडा. आम्ही "सोड!" म्हटले की रेस सोडायची. नुसते गाडीवर बसून शंभर वेळा केले असेल. ती कंटाळली, पण मनगटाला सवय लागली.

दादांनी रेसच्या मुठीजवळचा छोटा स्क्रू आवळून दिला होता, त्यामुळे मूठ थोडीच फिरते. एक दोरी तिच्या मनगटाला बांधलेली. ती पडली की दोरी निघते आणि इंजिन बंद होते. शिकवणाऱ्यांनी ही दोन्ही कामे आधी करावीत, कौतुक नंतर.

चौथ्या रविवारी ती पडली. विटांच्या ढिगाकडे बघत राहिली आणि तिकडेच गेली. नजर जाते तिकडे गाडी जाते. म्हणून चाकाकडे बघू नकोस, लांब बघ, असे आम्ही सारखे सांगत होतो. ढिगाच्या अलीकडे आम्ही ओरडलो, "सोड!" तिने सोडले. गाडी मंदावली, आडवी झाली. कोपराचा पॅड खरचटला, बाकी काही नाही. उठून ती आधी आमच्याकडे नाही, गाडीकडे धावली. तिची आई त्या दिवशी पहिल्यांदाच हसली.

वस्तीतली दहावी-अकरावीची पोरे बापाची स्कूटर घेऊन बाजारात जातात आणि बाप अभिमानाने सांगतो. २०१९ च्या कायद्याने असा गुन्हा घडला तर पालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द होते आणि पोराला २५ वर्षे वयापर्यंत लायसन मिळत नाही. ज्या पोराला पुढे ड्रायव्हर किंवा डिलिव्हरीचे काम करायचे आहे त्याची भाकरीच गेली. आमच्या धाकटीलाही हे सांगितले आहे. रस्ता अठरानंतर.

आता ती तीन चकरा न थांबता मारते. स्क्रू अर्धा आटा सैल करा, असा तिचा हट्ट चालू आहे. आम्ही मातीत काठीने रेघ ओढली आहे. पुढचे चाक त्या रेघेवर दहापैकी दहा वेळा थांबले की करू. गेल्या रविवारी सात झाले.