रायपूरच्या वाटेवर गतीचे नियम

नागपुराहून पूर्वेकडे निघालेली गाडी गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग ही स्थानके मागे टाकीत सुमारे तीनशे किलोमीटरांवरील रायपुरास पोहोचते. स्थानक जवळ आले की उतारू सामानासह दाराशी दाटी करतात. गाडी मंदावते आणि सारी रांग पुढच्या माणसाच्या अंगावर कलते. कोणी कोणास ढकललेले नसते. वाचकहो, ब्रेक गाडीला आहे, आपल्या देहाला नाही. पाय डब्याच्या तळाबरोबर मंद होतात. धड मात्र पूर्वीच्याच वेगाने पुढे जाऊ पाहते. यालाच जडत्व म्हणतात.

2000 सालापासून छत्तीसगडची राजधानी असलेल्या या नगरात 1877 मध्ये नरेंद्रनाथ दत्त नावाचा एक मुलगा आपल्या कुटुंबासह राहावयास आला होता. हेच पुढे स्वामी विवेकानंद झाले. येथील बुढा तालाबास आज त्यांचे नाव आहे. त्या काळी रायपूरपर्यंत रूळ आले नव्हते. पुढची वाट बैलगाडीनेच कापावी लागे. आता बैलगाडीत बसणाऱ्यास काय वाटेल? बैल ओढतात तोवर गाडी चालते, बैल थांबले की तीही थांबते. तेव्हा गतीसाठी बल सतत लावीत राहिले पाहिजे. ॲरिस्टॉटलसारख्या थोर विचारवंतालाही असेच वाटले होते. पुढे गॅलिलिओने या समजुतीला धक्का दिला आणि 1687 मध्ये न्यूटनने आपल्या ‘प्रिन्सिपिया’ ग्रंथात नियम मांडला, की गती टिकविण्यास बल लागत नाही, ती बदलण्यास लागते. सपाट वाटेवर बैल दमतात ते वाटेतील धुळीशी आणि आसाच्या घर्षणाशी झुंजताना. लोखंडी रुळावर लोखंडी चाकाला हा विरोध फार थोडा, म्हणून इंजिनाने ओढणे सोडले तरी आगगाडी कितीतरी दूर धावत राहते.

(भाषांतराच्या कामात एक अडचण नेहमी येते. बोलताना आपण बल, शक्ती, जोर आणि वेग हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. ‘गाडी जोरात आली’ या वाक्यात जोर कोठेच नाही; आहे तो केवळ वेग.)

या वेगाविषयी मात्र प्रत्येक कुटुंबाने नीट विचार करावयास हवा. रायपुरावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग, पूर्वीचा क्रमांक 6 आणि आताचा 53, अहोरात्र वाहता असतो. उरला व सिलतरा येथील कारखान्यांच्या लोखंडाने लादलेले ट्रक आणि नवराबायको व दोन मुले बसलेली स्कूटर एकाच रस्त्यावर धावतात. ताशी 40 किलोमीटर वेगाचे वाहन कोरड्या डांबरी रस्त्यावर, चाके व ब्रेक उत्तम असता, ब्रेक लागल्यानंतर सुमारे 9 मीटरांत थांबते. वेग दुप्पट केला तर हे अंतर दुप्पट होईल असे वाटते. ते चौपट, म्हणजे 36 मीटर होते. चालकाचे भान ब्रेकपर्यंत पोहोचण्यास जो एखादा सेकंद जातो, त्यात ताशी 80 च्या वेगाने आणखी 22 मीटर निघून जातात. पावसाने रस्ता ओला झाला की घर्षण घटते आणि हे सारे हिशेब आणखी लांबतात.

दुसरा हिशेब मातांसाठी आहे. दहा किलो वजनाचे मूल मांडीवर घेऊन आई मोटारीच्या पुढील आसनावर बसली आहे आणि ताशी 40 च्या वेगातील मोटार काही आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली. मुलाला तेवढ्याच काळात थांबवावयाचे तर एक क्विंटलाहून अधिक वजन पेलण्याइतके बल हातांत हवे. मातेचे प्रेम कितीही असो, तिचे हात तेवढे बल लावू शकत नाहीत. लहान मुलाची जागा मागील आसनावर, त्याच्या मापाच्या पट्ट्याच्या आसनात; आणि स्कूटरवर लहानमोठ्या प्रत्येक डोक्याला शिरस्त्राण हवे.

शहराच्या पश्चिमेस खारून नदीवर महादेवघाट आहे. तेथे नावेतून घाटावर उडी टाकणाऱ्याने जरा मागे वळून पाहावे. त्याचे पाऊल पुढे पडते आणि नाव मागे सरकते. क्रियेइतकीच प्रतिक्रिया, हा न्यूटनचा तिसरा नियम येथे कोणत्याही उपकरणावाचून दिसतो.

पण मला सर्वाधिक आवडते ती गेडी. आपण ज्या आषाढी अमावास्येला दिव्यांची पूजा करतो, त्याच दिवशी छत्तीसगडात हरेलीचा सण असतो. (उत्तरेकडील पंचांगात महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून ती अमावास्या त्यांच्या श्रावणातली!) या दिवशी शेतकरी नांगर-कुदळी धुऊन पुजतात आणि मुले बांबूच्या दोन काठ्यांना पावले ठेवण्यापुरते आडवे तुकडे बांधून त्यांवर चढतात. चिखलाने भरलेल्या गल्लीतून कोरड्या पायांनी जाण्याची ही नामी युक्ती. बांबू पोकळ असल्याने हलका, तरी मुलाच्या भाराने सहज वाकत नाही. पण टोक बारीक, सारा भार तेवढ्याशा जागेवर पडतो. म्हणून चतुर मुलगा मऊ चिखल टाळून टणक जागा हेरतो.

नवशिक्याला ठेंगणी गेडी देतात. पडल्यास लागणार कमी, हे खरेच. पण तोल सावरण्यास मात्र उंच गेडी सवड अधिक देते. पटत नसेल तर तळहातावर प्रथम पेन्सिल उभी करून पाहा, मग लांब काठी. पेन्सिल झटकन कलंडते; काठी सावकाश कलते आणि तेवढ्यात हात तिच्याखाली नेता येतो.

आता त्या मुलाला म्हणावे, ‘बाळ, जरा स्वस्थ उभा राहा.’ ते त्याला जमत नाही. दोन पायांचे तळवे जमिनीवर असले तर गुरुत्वमध्याखाली पुरेशी जागा असते. दोन काठ्यांच्या टोकांमध्ये असते ती केवळ एक रेषा. त्या रेषेच्या पुढे किंवा मागे शरीर जरा कलले की पडणे आलेच. म्हणून तो कलेल तिकडे एक काठी सरकवतो, मग दुसरी, आणि आपल्याकडे पाहून हसत जागच्या जागी पावले टाकीत राहतो.