पंचगंगेच्या दारीं उतरलेली बॅटरी

प्रवासांत जें पाहावयाचें म्हणून घरून ठरवून निघावें, तें बहुधा पाहून होतेंच. परंतु जें शिकावयास मिळतें तें मात्र आपल्या यादींत कधींच नसतें. गेल्या पौष महिन्यांत क्षेत्र महाबळेश्वरीं आम्हांस याचा जो प्रत्यय आला, तो घरीं मोटार बाळगणाऱ्या वाचकांच्या उपयोगीं पडेल अशा समजुतीनें येथें निवेदन करितों.

आमच्या थोरल्या भगिनी अक्का यांचें वय आतां एक्याऐंशी. कृष्णेचा उगम एकदां डोळ्यांनीं पाहावा आणि परततांना वाईस आपल्या बालमैत्रिणीस भेटावें, अशी त्यांची फार दिवसांची इच्छा. ही मैत्रीण महिनाभर अंथरुणास खिळलेली; आणि तिचा मुलगा त्याच दिवशीं दोन प्रहरीं तिला कायमची नागपुरास नेणार होता. तेव्हां उगमाचें दर्शन पहाटे आणि वाईची भेट अकराच्या सुमारास, असा बेत करून अक्का, आमचा पुतण्या व आम्ही असे तिघे आदल्या सायंकाळींच क्षेत्रीं जाऊन राहिलों.

क्षेत्र महाबळेश्वर हें थंड हवेच्या गांवाच्या बाजारपेठेपासून सुमारें ६ किलोमीटर दूर आहे. बाजारपेठेंतील गजबज येथवर फारशी पोंचत नाहीं. काळ्या पाषाणाच्या पंचगंगा मंदिरांत कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री व गायत्री या पांच नद्यांचें पाणी गोमुखांतून कुंडांत पडतें. भूगोल शिकवितांना आम्हीं या नद्या फळ्यावर किती वेळां काढल्या असतील याची गणती नाहीं. सावित्री पश्चिमेस कोंकणांत उतरून बाणकोटापाशीं अरबी समुद्रास मिळते. कृष्णा मात्र पूर्वेची वाट धरून वाईवरून पुढें बंगालच्या उपसागराकडे जाते. वेण्णा तिला माहुलीस गांठते, कोयना कऱ्हाडास. शेजारींच महाबळेश्वराचें देऊळ आहे. शिवछत्रपतींनीं १६६५ सालीं मातुश्री जिजाबाईंची सुवर्णतुला केली ती याच क्षेत्रीं. अक्कांनीं गोमुखाखालीं ओंजळ धरली, आणि त्या बर्फासारख्या पाण्यानें बोटें बधिर झालीं तरी ती लवकर मागें घेतली नाहीं. “हेंच पाणी आमच्या वाईच्या घाटावर येतें ना रे?” एवढेंच त्या म्हणाल्या.

साडेसातास आम्ही गाडीपाशीं आलों. थंडी कडक होती. या दिवसांत वेण्णा तलावाच्या कांठीं दंव गोठतें, असा लौकिकच आहे. पुतण्यानें किल्ली फिरविली. इंजिन गर्जून उठण्याऐवजीं ‘कट कट’ असा क्षीण आवाज आला आणि समोरचे दिवे मंदावले. दोनतीन वेळां सेल्फ मारून झाला. मग तो आवाजही बंद पडला. फुलें विकणारीं दोन मुलें धक्का देण्यास धांवत आलीं. परंतु ही गाडी आपले गिअर आपणच बदलणाऱ्या जातीची, आणि अशी गाडी धक्क्यानें सुरू होत नाहीं.

अक्का पुतण्यास बोलूं लागल्या. “निघण्याआधीं गाडी दाखवून घे म्हणून सांगितलें होतें कीं नाहीं?” तो बिचारा खालीं मान घालून उभा राहिला. आम्ही घड्याळाकडे पाहत होतों, आणि गप्प होतों. कां गप्प होतों, तें पुढें येईल.

इतक्यांत यात्रेकरूंना सोडून रिकामी झालेली एक टॅक्सी जवळ येऊन उभी राहिली. चालक पन्नाशीचा, डोक्याला मफलर गुंडाळलेला. त्यानें कांहीं न विचारतां बॉनेट उघडून पाहिलें. “बॅटरी उतरलीय. फुटलेली नाहीं, गळत नाहीं. मग काम होईल. माझीही बाराचीच आहे,” असें म्हणून त्यानें डिकींतून लाल व काळ्या अशा दोन जाड तारा काढल्या. येथें बाराची म्हणजे बारा व्होल्टची. मोटारीच्या बॅटरींत शिशाचे पत्रे आणि पाण्यांत मिसळलेलें गंधकाम्ल असतें. सहा कोठ्या, प्रत्येकीचे सुमारें दोन व्होल्ट. ही योजना १८५९ सालीं प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें काढली, ती आजही चालू आहे. थंडींत आंतील रासायनिक क्रिया मंदावते आणि घट्ट झालेल्या तेलामुळें इंजिन फिरविण्यास जोर मात्र अधिक लागतो. त्यामुळें रात्रीं थोडी उतरलेली जुनी बॅटरी सकाळीं अगदींच हात टेकते.

त्यानें आपली टॅक्सी आमच्या गाडीजवळ, पण तिला टेकूं न देतां, उभी केली. दोन्हीं गाड्या बंद करविल्या. मग आम्हांस म्हणाला, “मास्तर दिसतां. मग नीट बघा, म्हणजे पुढच्या वेळीं माझी वाट पाहावी लागणार नाहीं.” प्रथम लाल तारेचा चिमटा आमच्या बॅटरीच्या धन टोकास, लालचें दुसरें टोक त्याच्या बॅटरीच्या धन टोकास. नंतर काळ्या तारेचा एक चिमटा त्याच्या ऋण टोकास. चौथा चिमटा आमच्या ऋण टोकास लागेल असें आम्हीं धरून चाललों होतों, तों त्यानें तो बॅटरीपासून दूर, इंजिनाच्या रंग नसलेल्या लोखंडास लाविला. “शेवटचा चिमटा लावतांना ठिणगी उडते, आणि बॅटरींतून वायु निघत असतो.” तो वायु म्हणजे हायड्रोजन, हें आम्ही वर्गांत शिकवीत होतों; त्याचा असा उपयोग करावयाचा असतो हें मात्र आज कळलें.

त्यानें आपलें इंजिन सुरू केलें आणि पांच मिनिटें थांबण्यास सांगितलें. तेवढ्यांत त्यानें आमच्या गाडींत डोकावून वर पाहिलें. छतावरचा दिवा निखाऱ्यासारखा लालसर होऊं लागला होता. “हा रात्रभर कोणी ठेवला?”

“माझ्याकडूनच राहिला असेल,” पुतण्या म्हणाला.

वाचकहो, तो दिवा आम्हीं लाविला होता. आदल्या रात्रीं चष्मा शोधण्यास आम्ही गाडींत गेलों, चष्मा मिळाला त्या आनंदांत दिवा तसाच राहिला. आणि गाडी बंद पडतांच तें आम्हांस आठवलेंही होतें. सारें आयुष्य आम्हीं वर्गांत ‘हें कोणीं केलें?’ असें दरडावून विचारण्यांत घालविलें. उत्तर देण्याची पाळी आली तेव्हां जीभ टाळूस चिकटली. पण पोराचें तें वाक्य ऐकून घेणें अशक्य झालें. “त्यानें नव्हे, आम्हीं,” असें आम्ही म्हणालों. अक्कांनीं आमच्याकडे एकदां पाहिलें आणि पुतण्याच्या पाठीवरून हात फिरविला. त्या आम्हांस कांहींच बोलल्या नाहींत. बोलल्या असत्या तर बरें झालें असतें.

पुतण्यानें किल्ली फिरविली, आणि इंजिन पहिल्याच प्रयत्नांत सुरू झालें. चिमटे लाविले त्याच्या उलट क्रमानें, एकमेकांस न भिडवितां, चालकानें काढले. “आतां वाईपर्यंत बंद करूं नका. चालत्या गाडीवरच ती परत भरते.” त्यानें दोनशें रुपये मागितले, तेवढेच घेतले, आणि अक्कांना नमस्कार करून गेला.

पांचगणी मागें टाकून पसरणीचा घाट उतरलों तेव्हां दहा वाजले होते. वाईस त्या घराच्या दारांत सामान बांधून ठेवलेलें होतें. पुतण्या गाडी बंद करण्यास धजेना. इंजिन चालू ठेवून तो बाहेरच बसला. आंत दोघी वृद्धा एकमेकींचा हात धरून बसल्या. अक्कांनीं पंचगंगेच्या पाण्याची लहानशी बाटली उशाशीं ठेवली. फारसें बोलणें झालें नाहीं. दीड तासानें आम्ही निघालों तेव्हां त्या मैत्रिणीनें विचारिलें, “उशीर कां झाला ग?” अक्का म्हणाल्या, “लहान भावाला चष्मा सांपडत नव्हता.”

परतल्यावर आम्हीं तशाच दोन तारा विकत घेऊन पुतण्याच्या गाडींत ठेविल्या आहेत. लाल आधीं, काळी नंतर, शेवटचा चिमटा लोखंडास. आणि रात्रीं गाडीचें दार लावण्यापूर्वीं आतां छताकडे पाहतों तें आम्हीच.